रिकामा डबा रिकामा नसतो

२०१५ सालच्या जून महिन्यात बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीला परत आलो. बाबांचं अंग एका बाजूनं गेलं होतं आणि त्यांचं कृषी केंद्र ऐन पेरणीच्या तोंडावर बंद पडायच्या बेतात होतं. रसायनशास्त्राची पदवी गाठीशी होती आणि बारा वर्षं मी त्या कारखान्यात घातक कचऱ्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. रिकाम्या पिंपाला चिठ्ठी लावायची, वजन करायचं, कुलपाच्या शेडमध्ये ठेवायचं आणि गाडी आली की कागदपत्रांसह विल्हेवाट केंद्राकडे रवाना करायचं, हे माझं रोजचं काम होतं.

जुलैत वावरात गेलो. डवरणी चालली होती. आमच्या सालदाराची बायको, जिला मी वहिनी म्हणतो, पळसाखाली ठेवलेल्या निळ्या पाच लिटरच्या डब्यातून बायांना प्यायला पाणी देत होती. डब्याची जात मी लांबूनच ओळखली: कीटकनाशकाचा.

"वहिनी, हा डबा कुठला?"

"आपल्याच दुकानातला हाय, भाऊ. बाबांनीच देल्ला होता. राखेनं घासला मी तीनदा. वास बी येत नाही आता."

तसाच डबा महिन्याभरापूर्वी कारखान्यात माझ्या हातात आला असता, तर मी तो हातमोजे घालून उचलला असता. इथे तो आमच्याच दुकानातून, आमच्याच हातानं, पिण्याच्या पाण्याला गेला होता. त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीचा विचार करतो आहे: कायद्यानं घातक कचऱ्याची व्याख्या इतकी काळजीपूर्वक केली आहे, मग ती आमच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, का पोचत नाही? दुकानाच्या गल्ल्यावर बसून जे शिकलो, ते इथे क्रमानं मांडतो.

१. आधी शब्द तपासा

आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी आणि कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. "पऱ्हाटीवर मावा आला, औषध द्या." मीही तेच म्हणत आलो. पण ज्याला औषध म्हटलं, त्याची बाटली देव्हाऱ्याखालच्या फळीवर, धान्याच्या कोठीजवळ, लेकरांच्या हाताशी ठेवायला मन कचरत नाही. औषधाची बाटली संपली की ती रिकामी बाटली, आणि रिकामी बाटली घरात कामाचीच असते.

म्हणून दुकानात मी 'औषध' हा शब्द सोडला. "हे विष आहे, काका. किडीचं आहे, पण विष आहे." सुरुवातीला माणसं बिचकली. एकदोघं म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल. तुटलं नाही. कायद्यातली व्याख्याही शेवटी हेच करते, वस्तूला तिच्या खऱ्या नावानं हाक मारते. ती हाक जिथं चुकते, तिथून पुढचं सगळं चुकत जातं.

२. कायदा वस्तूचा स्वभाव विचारतो

आपल्याकडे घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ साली आले. भोपाळची वायुगळती १९८४ची, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा, आणि त्या कायद्याखाली हे नियम. २००८ साली ते नव्यानं लिहिले गेले आणि पुन्हा ४ एप्रिल २०१६ला. या नियमांतली व्याख्या साध्या मराठीत अशी सांगता येईल: जो कचरा आपल्या गुणधर्मामुळे, एकटा असताना किंवा दुसऱ्या कशाच्या संगतीत आल्यावर, आरोग्याला किंवा पर्यावरणाला धोका पोचवतो किंवा पोचवू शकतो, तो घातक.

स्वभाव ओळखायच्या कसोट्या चार आहेत. पहिली, पेट घेणं: ज्या द्रवाची वाफ ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला ठिणगीनं पेटते, तो ज्वलनशील. रॉकेल यात बसतं. दुसरी, खाणं: ज्याचा सामू २ किंवा त्याहून कमी, अथवा १२.५ किंवा त्याहून जास्त, तो दाहक. लिंबाचा रस २च्या जरा वर असतो आणि चुन्याची निवळी साधारण १२.४पर्यंत जाते, म्हणजे दोन्ही हद्दीच्या जेमतेम आत. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं ॲसिड मात्र हद्दीच्या पार पलीकडे. तिसरी, भडकणं: पाण्याशी, हवेशी किंवा धक्क्यानं जे उसळतं, फुटतं ते. चौथी, विषारीपणा.

ही चौथी कसोटी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. प्रयोगशाळेत तो कचरा सौम्य आम्ल असलेल्या पाण्यात सुमारे १८ तास घुसळतात आणि त्या पाण्यात काय उतरलं ते मोजतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसं किंवा ०.२ मिलिग्रॅम पारा उतरला, तर कचरा घातक. उकिरड्यावर पडलेल्या वस्तूतून पावसाळ्यात जमिनीत काय झिरपेल, याची ही नक्कल आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी कचऱ्याकडे बघताना विहिरीचा विचार केला होता.

३. यादीत नाव असेल तर वाद घालू नका

प्रत्येक वस्तू प्रयोगशाळेत कोण नेणार? म्हणून नियमांना दुसरं दार आहे, यादीचं. पहिल्या अनुसूचीत उद्योगांचे प्रकार आणि त्यांतून निघणारा कचरा क्रमांकानं दिला आहे. तिथं नाव असेल तर तो घातक. 'आमचा माल तसा नाही' हे म्हणायला जागा राहत नाही.

या यादीतले तीन क्रमांक मला पाठ आहेत आणि तिन्ही इथे घाटंजीत भेटले. ५.१, वापरलेलं तेल: प्रत्येक गॅरेजच्या मागे. २९.३, मुदत संपलेली कीटकनाशकं: माझ्याच गोदामाच्या कोपऱ्यात, बाबांच्या काळापासून पडून असलेल्या दोन खोक्यांत. आणि ३३.१, घातक रसायनांनी बरबटलेली रिकामी पिंपं, डबे, अस्तरं: वहिनीच्या हातातला तो निळा डबा.

आता कोणी म्हणेल, ही यादी उद्योगांसाठी आहे, वहिनी काही उद्योग नाही. बरोबर आहे. पण त्यानं डब्यातला थेंब बदलत नाही. हा मुद्दा पुढच्या भागात येतो आणि सगळं दुखणं तिथंच आहे.

४. तोच कचरा, पण पत्ता बदलला की कायदा बदलतो

एक उदाहरण घ्या. सुईसह सिरिंज. दवाखान्यात वापरली तर ती २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांखाली येते, तिच्यासाठी रंग ठरलेला, डबा ठरलेला. तीच सुई मधुमेहाच्या आजोबांनी घरी इन्सुलिनसाठी वापरली तर ती घनकचरा नियमांच्या हाती. बॅटरीला आधी २००१चे आणि आता २०२२चे स्वतंत्र नियम. किरणोत्सारी कचऱ्याला अणुऊर्जेचा वेगळा कायदा. कारखान्याच्या सांडपाण्याला १९७४चा जलप्रदूषण कायदा.

२०१६च्या घनकचरा नियमांनी 'घरगुती घातक कचरा' असा शब्दच दिला. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल आणि ट्यूबलाइट, मुदत संपलेल्या गोळ्या, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया. हा कचरा ओल्या-सुक्यात मिसळायचा नाही, वेगळा द्यायचा, आणि दर २० चौरस किलोमीटरमागे नगरपालिकेनं एक संकलन केंद्र ठेवायचं, असं त्यात लिहिलं. आमच्याकडे शेवग्याखाली ट्यूबलाइट फोडण्याचा खेळ पोरं खेळत, आम्हीही खेळलो. नळीत पारा असतो हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

पण वावर? वावर कारखाना नाही आणि घरही नाही. पऱ्हाटीच्या तासात टाकलेली बाटली ना उद्योगाच्या नोंदवहीत येते, ना घंटागाडीत. कायद्यांच्या दोन कुंपणांमध्ये एक धुरा सुटला आहे आणि आमचा सगळा तालुका त्या धुऱ्यावर उभा आहे. हे समजलं त्या दिवशी मी कायद्याला दोष देणं थांबवलं आणि मधली जागा आपणच सांभाळायची असं ठरवलं. तसा आधार नियमातही आहे: कचरा ज्याच्या ताब्यात, त्याला नियम जबाबदार धरतात. ते वाक्य मी दुकानापुरतं माझ्यावर लावून घेतलं.

५. 'रिकामा' हे मोजून ठरवायचं असतं

वहिनीनं डबा राखेनं घासला होता. बाहेरून. आतलं विष झाकणाच्या आट्यांत, तळाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या अंगात राहतं, आणि वास जाणं म्हणजे विष जाणं नव्हे.

मी शेतकऱ्यांना एक हिशोब करून दाखवतो. समजा डब्यात १० मिलिलिटर विष चिकटून राहिलं. एकदाच ७५० मिलिलिटर पाणी घालून हलवलं, ओतलं आणि पुन्हा १० मिलिलिटर मागे राहिलं, तर मूळ विषाचा ७६वा हिस्सा उरतो. तेवढंच पाणी तीन वाट्यांत घेतलं, दर वेळी २५० मिलिलिटर घालून झाकण लावून खळखळवलं आणि पूर्ण निथळलं, तर उरतो साधारण १७ हजारांतला एक हिस्सा. पाणी तेवढंच, मेहनत दोन मिनिटांची जास्त. आणि ते धुवण लवणात ओतायचं नाही, फवारणीच्या पंपातच घालायचं. ज्या विषाचे पैसे मोजले, ते पिकावरच जाईल.

म्हणून डबा संपतो तेव्हाच, पंप भरतानाच, तीनदा धुवायचा. घरी नेऊन नंतर धुतलेला डबा वाळलेला असतो आणि वाळलेलं विष सुटत नाही. धुऊन झाला की खिळ्यानं तळाला भोकं पाडायची. भोक पडलेल्या डब्यात कोणी पाणी भरत नाही. हा शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इतकं धुऊनही तो डबा पाण्यासाठी, दुधासाठी, तेलासाठी कधीच नाही.

६. रंगाचा त्रिकोण भरलेल्या डब्याचा आहे

प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टणावर तिरका उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा, म्हणजे त्रिकोणाचा, रंग विषाची पायरी सांगतो: लाल म्हणजे अतितीव्र, पिवळा म्हणजे तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१चे नियम यांनी ही खूण ठरवली, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून.

पण दोन गैरसमज मी रोज पुसतो. एक, हिरवा म्हणजे निर्धोक. तसं नाही, चौकोनाच्या वरच्या भागात तिथंही सावधगिरीचा शब्द लिहिलेला असतो. दुसरा, हिरव्या खुणेचा डबा घरात वापरायला चालतो. कचऱ्याच्या यादीत रंग विचारलेला नाही. घातक रसायनानं बरबटलेला डबा, एवढंच विचारलं आहे.

७. संगत बदलली की स्वभाव बदलतो

व्याख्येतले 'एकटा किंवा दुसऱ्याच्या संगतीत' हे शब्द मी कारखान्यात असताना पुष्कळदा वाचले होते. त्यांचा अर्थ मला २०१७ साली कळला.

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्याही वर गेली होती. बोंडअळीचा जोर होता. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणीतून विषबाधा झालेले शेतकरी आणि मजूर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येत राहिले. बाधितांची संख्या शेकड्यांत गेली आणि वीसहून जास्त माणसं दगावली. सरकारला विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. एका पंपात दोन-दोन, तीन-तीन विषं एकत्र करून फवारण्याबद्दल त्या काळात फार बोललं गेलं.

प्रत्येक डब्यावर त्याचा त्याचा रंग होता. पण तीन डबे एका पंपात ओतल्यावर जे तयार होतं, त्याच्यावर कोणताही रंग नाही, त्याचं नाव कोणत्याही वेष्टणावर नाही, आणि त्याचं धुवण कसलं आहे हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या दुकानातूनही एकाच पावतीवर तीन-तीन बाटल्या गेल्या होत्या. मी त्या दिल्या होत्या. त्या पावसाळ्यातल्या पावत्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. आता 'यात हे टाकू का?' असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच: वेष्टणावर आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत लिहिलेलं नसेल, तर नाही.

वर्ग फक्त संगतीनं बदलतो असंही नाही. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचं लाल खुणेचं ३६ टक्क्यांचं द्रावण केंद्र सरकारनं २०२३ साली बंद केलं आणि उरलेला साठा संपवायला मुदत दिली. मुदत संपल्यावर जी बाटली कोणाच्या माळ्यावर उरली असेल, ती आता विकायचा माल राहिली नाही, घातक कचरा झाली. वस्तू तीच, जागा तीच, एका तारखेनं तिचा वर्ग बदलला. आपल्या माळ्यावर एकदा चढून बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

८. वापरलेलं तेल आणि वाया गेलेलं तेल एक नाही

ट्रॅक्टरचं जळकं ऑइल गावात कशालाही लावतात: बंडीच्या आखाला, वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबाला. नियम या तेलाचे दोन भाग करतात. इंजिनातून निघालेलं, पण पुन्हा शुद्ध करता येईल असं ते 'वापरलेलं तेल'. त्यात शिशाचं प्रमाण दहा लाखांत १०० भागांपर्यंतच चालतं, इतर धातूंनाही मर्यादा आहेत. सांडलेलं, पाण्यात मिसळलेलं, टाकीच्या तळाशी गाळ झालेलं ते 'वाया गेलेलं तेल'. पहिल्याला किंमत आहे, जमिनीवर सांडलेल्याला फक्त खर्च.

हा फरक गॅरेजवाल्या मित्राला सांगितला आणि त्यानं दुसऱ्याच दिवशी झाकणाचं पिंप आणलं. जमिनीवर सांडलं की माल कचरा होतो, हे व्यवहाराच्या भाषेत सांगितलेलं लगेच पटतं. वर्गीकरणाची हीच खरी ताकद आहे. ते वेळेवर केलं तर बराच कचरा मुळात तयारच होत नाही.

९. वहीत लिहिलेलं हरवत नाही

कारखान्याला घातक कचरा सहसा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. रोजची नोंद ठेवावी लागते, पिंपावर चिठ्ठी लावावी लागते, आणि गाडी निघाली की तिच्यासोबत सात प्रतींचं वाहतूकपत्र जातं. प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. कचरा पोचला की पोचल्याची प्रत परत येते. ती आली नाही तर चौकशी करायची. कारखान्यात असताना मला असलं काम कंटाळवाणं वाटायचं. आज वाटतं, आमच्या गावातल्या कुठल्याच डब्याची पोचपावती कधी परत आलेली नाही.

मी दोनशे पानी वही घेतली. किती डबे विकले, किती परत आले, कोणी तीनदा धुऊन आणले. बाबांच्या काळातली ती दोन खोकी पहिल्याच पानावर लिहिली. ती वितरकामार्फत परत पाठवायला मला चौदा महिने लागले. तोवर कुलूप आणि चिठ्ठी, एवढंच माझ्या हातात होतं, ते केलं.

१०. पुरलं म्हणजे संपलं असं नाही

१९७१च्या कीटकनाशक नियमांत रिकामी वेष्टणं फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे. त्या काळी ते शहाणपणाचंच होतं, निदान कोणी डबा पुन्हा वापरणार नाही. मीही पहिल्या वर्षी बांधाच्या कडेला खड्डा करून डबे पुरले. तिसऱ्या वर्षी नांगराच्या फाळाला तेच डबे लागले, रंगही उडाला नव्हता. तिथून शंभर पावलांवर विहीर आहे.

जगात यावर वेगवेगळी उत्तरं शोधली गेली. अमेरिकेत शेतकऱ्याला घातक कचऱ्याच्या बऱ्याचशा जाचातून सूट आहे, पण दोन अटींवर: डबा तीनदा धुतलेला असला पाहिजे आणि उरलेल्या विषाची विल्हेवाट वेष्टणावर लिहिल्याप्रमाणे स्वतःच्याच शेतात. ब्राझीलनं २००० साली याहून पुढचा कायदा केला. शेतकऱ्यानं डबा धुऊन खरेदीपासून वर्षाच्या आत परत द्यायचा, दुकानदारानं परत द्यायची जागा पावतीवर लिहायची आणि कंपनीनं तो उचलून न्यायचा. तिघांवर तीन कामं वाटली आणि आज तिथले बहुतेक डबे परत येतात. तिथंही कापूस आहे, तिथंही लांबलांबची शेतं आहेत. मग आपल्याकडे का होऊ नये?

म्हणून माझ्या पावतीच्या तळाला आता एक ओळ छापलेली असते: 'डबा तीनदा धुऊन, भोक पाडून, इथे परत आणा.' आणलेल्या डब्यामागे मी पुढच्या खरेदीत थोडी सूट देतो. पोती भरली की यवतमाळच्या वितरकाकरवी ती परवानाधारक प्रक्रिया केंद्राकडे जातात. पहिल्या हंगामात ती न्यायला कोणी तयार नव्हतं, सहा महिने मी शेडला कुलूप लावून बसलो होतो.

वहिनी आता दुकानात येते तेव्हा कोणताही डबा उचलण्याआधी एक प्रश्न विचारते: "याच्यात आधी काय होतं, भाऊ?" तिच्या हातातला पाण्याचा डबा गेला, स्टीलची कळशी आली. तिचा हा प्रश्न माझ्या बारा वर्षांच्या नोंदींहून नेमका आहे.

पण वही खोटं बोलत नाही. मागच्या हंगामात विकलेल्यांपैकी निम्मेही डबे परत आलेले नाहीत. ते कुठल्यातरी धुऱ्यावर, कुठल्यातरी माळ्यावर, कुठल्यातरी शेळीच्या पुढ्यात पाणी भरून ठेवलेले आहेत. पहिला मोठा पाऊस पडला की त्यांतलं उरलेलं विष वाघाडी नदीकडे वाहू लागेल. त्याआधी जेवढे परत आणता येतील, तेवढे आणायचे आहेत.